वाचकांचे प्रश्न : कम्युनिटी कॉलेज, फिजिक्स आणि ट्रान्सफरचं गणित

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला. पदवी फिजिक्सचीच करायची, पण पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून मग युनिव्हर्सिटीत जायचं. बहुतेक पत्रं कॅलिफोर्नियातली आहेत, त्यामुळे उत्तरंही तिथल्या नियमांना धरून दिली आहेत. शेवटचं पत्र तेवढं न्यू जर्सीचं आहे.

प्रश्न : मुलीची हायस्कूलची शेवटची परीक्षा झाली. ऑगस्टपासून ती कम्युनिटी कॉलेजात जाईल. पुढे यूसीएलए किंवा बर्कलीत फिजिक्स करायचं तिच्या मनात आहे. पहिल्या सेमिस्टरला काय घ्यावं? दोन वर्षांत हे सगळं खरंच बसतं का? (एक पालक, सॅन होजे)

बसतं, पण तिची सुरुवात कॅल्क्युलस १ पासून होणार असेल तरच. फिजिक्सच्या ट्रान्सफरला किती वेळ लागेल हे फिजिक्सपेक्षा गणित ठरवतं. गणिताचे पाच कोर्स ओळीने उभे असतात: कॅल्क्युलस १, २ आणि ३, लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शिअल इक्वेशन्स. फिजिक्सचे तीन, काही कॉलेजांत चार. मेकॅनिक्सला बसायचं तर कॅल्क्युलस १ झालेलं हवं, आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमला बसायचं तर मेकॅनिक्स आणि कॅल्क्युलस २ झालेलं हवं.

सेमिस्टरच्या कॉलेजात वेळापत्रक साधारण असं लागतं. पहिल्या फॉलमध्ये कॅल्क्युलस १, इंग्रजीचा लेखनाचा कोर्स, आणि जिथे जायचं तिथे लागत असेल तर केमिस्ट्री किंवा प्रोग्रॅमिंग. स्प्रिंगमध्ये कॅल्क्युलस २ आणि मेकॅनिक्स. दुसऱ्या फॉलमध्ये कॅल्क्युलस ३ आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम. शेवटच्या स्प्रिंगमध्ये लाटा, उष्णता, ऑप्टिक्स आणि मॉडर्न फिजिक्सचा तिसरा कोर्स, सोबत लिनिअर अल्जेब्रा आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स. हे शेवटचं सेमिस्टर फार जड होतं, म्हणून लिनिअर अल्जेब्रा मधल्या उन्हाळ्यात किंवा दुसऱ्या फॉलमध्ये उरकलेलं बरं. कम्युनिटी कॉलेजात एक युनिट म्हणजे वर्ग आणि घरचा अभ्यास धरून आठवड्याला साधारण ३ तास. फिजिक्सचा ५ युनिटांचा कोर्स एकटाच १५ तास खातो, हे नोकरीचे तास ठरवण्याआधी लक्षात घ्या.

या रचनेत मोकळी जागा अजिबात नाही. प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात झाली किंवा एखादा कोर्स राहिला, तर सहसा तिसरं वर्ष लागतं. त्यात वाईट काही नाही, फक्त ते पहिल्याच महिन्यात कळलेलं असावं. आणखी एक अडचण लहान कॉलेजांत येते. तिथे फिजिक्सचा तिसरा कोर्स वर्षातून एकदाच लागतो, आणि नावं कमी आली तर रद्दही होतो. मागच्या दोन वर्षांची वेळापत्रकं कॉलेजच्या साइटवर पाहायला मिळतात, ती आधी चाळा. कोर्स डळमळीत दिसला तर शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या कॉलेजात तो कधी आहे ते शोधून ठेवा. मात्र फिजिक्सची मालिका शक्यतो एकाच कॉलेजात पूर्ण करावी. अमुक तीन कोर्स मिळून युनिव्हर्सिटीचे तमुक तीन, असा करार बऱ्याचदा संपूर्ण मालिकेचा असतो. मालिका अर्धी इथे आणि अर्धी तिथे झाली की विषयांची वाटणी जुळत नाही आणि मधला एखादा विषय कोणाच्याच हिशेबात येत नाही.

हे करार असिस्ट डॉट ऑर्ग या साइटवर आहेत. कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांचे अधिकृत करार तिथेच मिळतात. वर्ष, कॉलेज, युनिव्हर्सिटी निवडून ‘मेजर’मध्ये (पदवीचा मुख्य विषय) फिजिक्स उघडा. डावीकडे युनिव्हर्सिटीचा कोर्स दिसतो, उजवीकडे त्याला चालणारा तुमच्या कॉलेजचा. यूसीएलएच्या डाव्या रकान्यात फिजिक्स १ए, १बी, १सी, प्रयोगशाळेचे ४एएल आणि ४बीएल, आणि गणितात ३१ए, ३१बी, ३२ए, ३२बी, ३३ए, ३३बी दिसतील. हे गणिताचे सहा क्वार्टर (दहा आठवड्यांची सत्रं) म्हणजेच वर सांगितलेले सेमिस्टरचे पाच कोर्स. उजवीकडे दोन कोर्सांमध्ये ‘अँड’ असेल तर दोन्ही हवेत, ‘ऑर’ असेल तर एक पुरे. ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ अशी ओळ आली तर तो विषय तुमच्या कॉलेजात नाही. तो दुसऱ्या कॉलेजात घ्यायचा की ट्रान्सफरनंतर, हे त्या युनिव्हर्सिटीच्या फिजिक्स विभागाला ईमेल करून विचारा. मनात असलेल्या प्रत्येक युनिव्हर्सिटीचं पान पीडीएफ करून ठेवा आणि दरवर्षी नव्याने तपासा.

एक चूक मात्र वर्षभर महागात पडते. बहुतेक कॉलेजांत फिजिक्सच्या दोन मालिका असतात. बीजगणित-त्रिकोणमितीवर चालणारी जीवशास्त्र आणि वैद्यकीय शाखांच्या मुलांसाठी असते, कॅल्क्युलसवर चालणारी फिजिक्स आणि इंजिनिअरिंगसाठी. नावं आणि क्रमांक इतके सारखे असतात की घाईत पहिली घेतली जाते. फिजिक्स मेजरला ती चालत नाही.

प्रश्न : काउन्सेलर म्हणतात, पहिल्या वर्षी जनरल एज्युकेशन संपव, फिजिक्स दुसऱ्या वर्षी बघू. ऐकू का? (वय १८, फ्रीमाँट)

नाही. इतिहास, कला, समाजशास्त्र हे विषय कोणत्याही सेमिस्टरला घेता येतात, गणिताची साखळी मात्र मागून घाई करून भरून काढता येत नाही. काउन्सेलरना शेकडो मुलं सांभाळायची असतात आणि बहुतेक मेजरना त्यांचा हा सल्ला लागूही पडतो, फिजिक्सला पडत नाही. यूसीसाठी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, यूसीएलए आणि बर्कली तिचेच कॅम्पस) जनरल एज्युकेशनचा पूर्ण संच (२०२५च्या फॉलपासून कॅल-गेट्क) फिजिक्सवाल्याने आधी संपवलाच पाहिजे असं नाही. मेजरची तयारी आधी, उरलेलं नंतर. प्रवेशाच्या किमान अटीतले इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स, गणिताचा एक आणि इतर चार एवढे सांभाळ. शक्य असेल तर स्टेम किंवा ट्रान्सफर सेंटरच्या काउन्सेलरची वेळ घे आणि जाताना असिस्टचं पान छापून ने.

कॅल स्टेटला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) जायचं असेल तर हिशेब वेगळा. तिथे फिजिक्सची असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर (कम्युनिटी कॉलेजची ट्रान्सफरसाठीची पदवी) उपयोगी पडते. ती साधारण ६० युनिटांची असते, आणि ती हातात असली की कॅल स्टेटच्या व्यवस्थेत कुठेतरी प्रवेशाची हमी मिळते. अमुक एका कॅम्पसची हमी ती देत नाही. त्या पदवीचा गाभा फिजिक्सचे तीन आणि कॅल्क्युलसचे तीन कोर्स एवढाच आहे. यूसीला लागणारं लिनिअर अल्जेब्रा आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स त्यावर तुला स्वतः वाढवावं लागेल.

प्रश्न : टॅग घेतला तर बर्कलीचा अर्ज करता येतो का? आणि दुसऱ्या वर्षीचे मार्क अर्जात धरले जातात का? (विद्यार्थी, अर्वाइन)

करता येतो. टॅग म्हणजे ट्रान्सफर अॅडमिशन गॅरंटी. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस ती देतात. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो देत नाहीत. टॅग एकाच कॅम्पसचा घेता येतो आणि त्याचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर या काळात भरायचा असतो. नंतर यूसीचा मुख्य अर्जही भरावाच लागतो, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातो. त्यात हवे तितके कॅम्पस निवडता येतात, प्रत्येकाची फी वेगळी. फिजिक्ससाठी टॅगचा जीपीए (ग्रेडची सरासरी) आणि लागणारे कोर्स प्रत्येक कॅम्पसचे निराळे असतात. त्या वर्षाचा टॅगचा तक्ता पाहूनच कॅम्पस निवड.

मार्कांचं तू नेमकं विचारलंस. २०२६च्या फॉलला सुरुवात करून २०२८च्या फॉलला जायचं, तर अर्ज २०२७च्या शरदात जातो. त्या वेळी हातात फक्त पहिल्या वर्षाचे आणि उन्हाळ्याचे ग्रेड असतात. दुसऱ्या फॉलचे ग्रेड जानेवारीत ट्रान्सफर अॅकॅडमिक अपडेटमध्ये भरायचे असतात आणि ते पाहिले जातात. हे भरायचं राहिलं म्हणून चांगले अर्ज मागे पडतात. शेवटच्या स्प्रिंगचे ग्रेड प्रवेशानंतर येतात, पण तिथे घसरण झाली तर दिलेला प्रवेश परत घेतला जाऊ शकतो. म्हणजे निर्णयाचं वजन कॅल्क्युलस १, २ आणि मेकॅनिक्सवर पडतं. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना यूसीसाठी किमान जीपीए २.४ आहे, पण ती फक्त अर्जाची पात्रता झाली. फिजिक्समध्ये त्यावर विसंबू नकोस. मेजरचे सगळे कोर्स लेटर ग्रेडनेच घे, पास/नो पासने नको.

यूसीच्या ट्रान्सफर अर्जात शिफारसपत्रं लागत नाहीत, चार छोटे निबंध लागतात, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. त्यातला एक सक्तीचा आहे: निवडलेल्या मेजरची तयारी तू कशी केलीस? तिथे तारे आणि ब्लॅक होलबद्दलच्या कुतूहलावर शब्द घालवू नकोस. कोणता प्रयोग केला, कुठे अडलं, अडलेलं कसं सोडवलं, ते लिही.

प्रश्न : मुलगा एच-४ वर (एच-१बी पालकावर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा) आहे, वय १९. फी रहिवाशाची लागेल का? (एक पालक, सॅन रमोन)

एच-४ असल्यामुळे कॅलिफोर्नियाचं रहिवासीपण अडत नाही. सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात वास्तव्य आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांवर दाखवता आला, तर कम्युनिटी कॉलेजात युनिटला ४६ डॉलर लागतात, म्हणजे ६० युनिटांचे २,७६० डॉलर. भाडेकरार, राज्याचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स हे कागद जमवून ठेवा. पहिल्यांदा नॉन-रेसिडेंट ठरवलं गेलं तरी अपील करता येतं.

खरी अडचण एकविसाव्या वाढदिवसाची आहे. त्या दिवशी एच-४ संपतं. १९व्या वर्षी कॉलेज सुरू केलं तर ट्रान्सफर आणि हा वाढदिवस जवळपास एकाच वेळी येतात. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) जायचं असेल तर आय-५३९चा (स्टेटस बदलण्याचा) अर्ज वाढदिवसाआधी दाखल झालेला हवा, आणि त्यासाठी कॉलेजचा आय-२० (प्रवेशाचा दाखला) आधी हातात हवा. एफ-१ वर राहून नव्याने रहिवासी होता येत नाही, म्हणून साधारणपणे नॉन-रेसिडेंट फी लागू होते. यूसीत ती नेहमीच्या फीवर वर्षाला ३४ हजार डॉलरहून जास्त पडते. एफ-१ वर प्रत्येक सत्रात किमान १२ युनिटं घ्यावी लागतात, आणि त्या मोजणीत ऑनलाइन कोर्स एकच धरला जातो. ग्रीन कार्डचा अर्ज रांगेत असेल तर वय गोठवण्याचे नियम तुमच्या तारखांना लागू होतात का, हे इमिग्रेशन वकिलालाच विचारा, आणि मुलगा २० वर्षांचा होण्याआधी विचारा.

प्रश्न : इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमच्या पहिल्या मिडटर्मला ४८ मिळाले. सोडू की रेटू? मेकॅनिक्समध्ये ए होता. (वय २०, सॅक्रमेंटो)

आधी पेपर घेऊन बस आणि प्रत्येक चुकीसमोर लिही, मांडणी चुकली की आकडेमोड. आकडेमोडच चुकली असेल तर रेट. मांडणी चुकली असेल, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं. या कोर्सला पृष्ठावरचं इंटिग्रल पहिल्या काही आठवड्यांत लागतं, आणि कॅल्क्युलस ३ तिथे सेमिस्टरच्या शेवटी पोचतं. मग मुलं गाउसचा नियम सूत्रासारखा पाठ करतात. तुझ्या पेपरात हेच झालंय का बघ: मर्यादित लांबीच्या भारित दांड्याभोवती सिलिंडर काढून विद्युतक्षेत्र इंटिग्रलच्या बाहेर काढलंस का? नियम त्या सिलिंडरलाही लागू आहे, एकूण फ्लक्स बरोबरच येतो. पण क्षेत्र सिलिंडरच्या पृष्ठावर सगळीकडे सारखं नाही, म्हणून ते बाहेर काढता येत नाही. अनंत लांबीची तार, गोल, अनंत प्रतल या तिन्हींत सममितीमुळे ते जमतं. दांड्याला कुलोंबचं इंटिग्रल थेट करावं लागतं. ‘इथे क्षेत्र बाहेर का काढता येतं’ हे एक वाक्य प्रत्येक गणितात लिहायची सवय लाव, अर्ध्या चुका जातील.

सोडण्याचा हिशेब असा. ‘डब्ल्यू’ (विथड्रॉ) घेऊन सत्राच्या साधारण पाऊण भागापर्यंत सोडता येतं, नेमकी तारीख कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये बघ. एखाददुसऱ्या डब्ल्यूने प्रवेश अडत नाही. पण एकच कोर्स किती वेळा घेता येतो याला मर्यादा आहे आणि त्यात डब्ल्यूही मोजला जातो. सी मिळाला तर तो ग्रेड सुधारायला पुन्हा बसता येत नाही. डी किंवा एफ असेल तरच बसता येतं. तेव्हा शेवटच्या तारखेआधी दुसरी मिडटर्म होणार असेल तर ती देऊन ठरव. आणि आजच प्रोफेसरांच्या ऑफिस अवरला जा. कम्युनिटी कॉलेजात वर्गात तीसएक मुलं असतात आणि प्रोफेसर शिकवण्यासाठीच नेमलेले असतात. इतका वेळ पुढे युनिव्हर्सिटीत कोणी देणार नाही.

प्रश्न : एपीचे (हायस्कूलमधल्या कॉलेज-दर्जाच्या परीक्षेचे) मार्क वापरून मेकॅनिक्स सोडावं का? (पालक, डब्लिन)

एपी फिजिक्स १ किंवा २ असेल तर सोडता येत नाही, ते कॅल्क्युलसवर आधारित नाहीत. फिजिक्स सी असेल तर प्रत्येक युनिव्हर्सिटी वेगळं ठरवते. कम्युनिटी कॉलेजने मान्य केलं म्हणून यूसी करेलच असं नाही. कॅल्क्युलस बीसीमध्ये ४ किंवा ५ असतील तर गणितात पुढे जायला हरकत नाही, त्याने साखळी एका वर्षाने मोकळी होते. मेकॅनिक्स मात्र पुन्हा करावं असं आमचं मत आहे.

प्रश्न : लॅब रिपोर्टमध्ये ‘अनसर्टन्टी’चे मार्क दरवेळी जातात. उत्तर तर ९.८च्या जवळ येतं. (वय १९, फ्रेझ्नो)

उत्तर जवळ आलं यावर मार्क नसतात. ते किती विश्वासाने सांगता येतं, यावर असतात. लंबकाचाच प्रयोग घे. लांबी १ मीटर, म्हणजे एका आंदोलनाला साधारण २ सेकंद. स्टॉपवॉच चालू-बंद करण्यात हाताची चूक ०.२ सेकंदांची धर. एकच आंदोलन मोजलं तर ती चूक १० टक्के झाली. ‘जी’च्या (गुरुत्व त्वरणाच्या) सूत्रात वेळेचा वर्ग असल्यामुळे ‘जी’मधली अनिश्चितता दुप्पट, म्हणजे २० टक्के. मग ९.८ आलं तरी लिहायचं ९.८ अधिक-उणे २. तोच हात, तेच घड्याळ, पण सलग २० आंदोलनं मोजली की ४० सेकंदांत ०.२, म्हणजे अर्धा टक्का, आणि ‘जी’मध्ये १ टक्का. आता लांबी बघ. दोरी बांधल्या जागेपासून गोळीच्या मध्यापर्यंत मोजायची असते. तळापर्यंत मोजली तर १ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळीने आणखी १ टक्का चूक येते, आणि ती प्रत्येक वाचनात एकाच दिशेने येत असल्यामुळे सरासरीने जात नाही. रिपोर्टमध्ये ‘मानवी चूक’ हे शब्द लिहू नकोस. कोणती राशी, किती, आणि उत्तरावर तिचा परिणाम किती, एवढं लिही.

प्रश्न : ट्रान्सफर मिळाली! तिसऱ्या वर्षी मुलं गळतात असं ऐकलंय. उन्हाळ्यात काय करू? (विद्यार्थिनी, फुलर्टन)

अभिनंदन! बर्कली आणि मर्सेड सोडून यूसीचे बाकी कॅम्पस क्वार्टरवर चालतात. सत्र दहा आठवड्यांचं असतं आणि पहिली मिडटर्म तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. तिथे वरच्या वर्गाचं इलेक्ट्रोमॅग्नेटिझम पहिल्याच आठवड्यात डायव्हर्जन्स, कर्ल आणि स्टोक्सच्या प्रमेयावर सुरू होतं. कॅल्क्युलस ३मध्ये हे प्रकरण शेवटच्या दोन आठवड्यांत घाईने झालेलं असतं, त्यामुळे ट्रान्सफरची मुलं नेमकी इथेच अडतात. तेव्हा उन्हाळ्यात आधी तेच प्रकरण, गोलीय आणि दंडगोलीय निर्देशांकांसकट, वही-पेन घेऊन पुन्हा कर.

दुसरं, आयगेनव्हॅल्यू. एक गणित पूर्ण सोडव: समान वस्तुमानाचे दोन गोळे, तीन सारख्या स्प्रिंगा, दोन्ही टोकं भिंतीला. समीकरणं मांड, दोन बाय दोनचा मॅट्रिक्स काढ. वारंवारितांचे वर्ग के भागिले एम आणि ३ के भागिले एम येतात (के स्प्रिंगचा स्थिरांक, एम वस्तुमान). पहिल्यात दोन्ही गोळे एका दिशेने हलतात आणि मधली स्प्रिंग ताणलीच जात नाही, म्हणून तिचा के उत्तरात दिसत नाही. दुसऱ्यात गोळे उलट दिशांना जातात. हे गणित नीट कळलं की क्लासिकल मेकॅनिक्सचं एक प्रकरण आणि क्वांटमची भाषा दोन्ही ओळखीची वाटू लागतात. मग हेच पायथनमध्ये संख्यात्मक पद्धतीने सोडवून आलेख काढ. तिसऱ्या वर्षी प्रोग्रॅमिंग येतंच असं गृहीत धरतात.

पहिल्या क्वार्टरला वरच्या वर्गाचे फिजिक्सचे दोनच कोर्स घे, तिसरा जनरल एज्युकेशनचा.

प्रश्न : कम्युनिटी कॉलेजात असताना पगारी रिसर्च मिळतो का? (वय १९, सॅन डिएगो)

मिळतो. ऊर्जा खात्याच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांत कम्युनिटी कॉलेज इंटर्नशिप्स हा कार्यक्रम खास तुमच्यासाठीच आहे, आणि नॅशनल सायन्स फाउंडेशनचे आरईयू (पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन) कार्यक्रम उन्हाळ्यात चालतात. अर्ज हिवाळ्यातच, उन्हाळ्याच्या काही महिने आधी बंद होतात, आणि यांना शिफारसपत्रं लागतात. दोन्हींना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-४ वर पगार घेता येत नाही. एफ-१ वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालतं, त्यात फिजिक्सचं ट्यूटरिंग सगळ्यात उपयोगी.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत आहोत. इथे असिस्टसारखं काही आहे का? (पालक, एडिसन)

एनजे ट्रान्सफर नावाची साइट आहे, काउंटी कॉलेजचा कोणता कोर्स कुठल्या युनिव्हर्सिटीत कशाला चालतो ते तिथे दिसतं. राज्याच्या करारानुसार असोसिएट पदवी पूर्ण केली तर तिचे क्रेडिट सरकारी युनिव्हर्सिटीत एकगठ्ठा धरले जातात, म्हणून तिथे पदवी संपवून जाणं जास्त फायद्याचं. पण ते पदवीपुरतं झालं. फिजिक्स मेजरची पूर्वतयारी वेगळी तपासावी लागते. क्रेडिट साठ मिळाले आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स राहिलं, तर तिसऱ्या वर्षीचे कोर्स उघडत नाहीत. मुलाच्या काउंटी कॉलेजात कॅल्क्युलसवर आधारित फिजिक्स किती सेमिस्टरचं आहे आणि मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस कोणत्या सत्रात लागतं, हे दोन प्रश्न नाव नोंदवण्याआधी विचारा.